पावती आहे, परवाना नाही

गुजरी बाजारात भाजीची पाटी घेऊन बसलेली बाई, स्टेशन रोडवरचा चहाचा गाडा, गल्लीत लग्नाचा मांडव घालणारे घर, चौकात नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावणारे कार्यकर्ते, डांबरी रस्त्याच्या कडेने चर खणत जाणारी केबल कंपनी, नालीवर ढापा टाकून दुकानाचा ओटा पुढे घेणारा व्यापारी. परभणी शहरात कुठेही उभे राहा, ही मंडळी दिसतात. कोणी दोन तासांसाठी, कोणी दहा दिवसांसाठी, कोणी कायमचाच, पण प्रत्येकाने सगळ्यांच्या रस्त्यातला एक तुकडा आपल्या कामाला घेतलेला असतो. यांतल्या कुणाला परवानगी लागते, ती कोण देते, किती दिवसांची असते आणि तिच्या अटी मोडल्या तर काय होते, ही चर्चा अतिक्रमण हटाव पथकाची गाडी आली की तेवढ्यापुरती होते. गाडी गेली की चर्चाही संपते.

रस्त्याचा असा वापर कायद्याला कधीच सरसकट अमान्य नव्हता. मुंबई इलाख्याच्या १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यात रस्त्यावरचे अडथळे काढण्याचे अधिकार देतानाच एक सवलत लिहून ठेवली होती. सणासमारंभाला रस्त्यात तात्पुरता मांडव घालू द्यावा, गल्लीबोळात सरपण रचून ठेवायलाही चार दिवसांपर्यंत मुभा द्यावी, मात्र लोकांची गैरसोय होऊ नये. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, म्हणून तो कायदा इथे चालला नाही. पण पुढे महाराष्ट्रात आल्यावर आपल्या शहरांना जे कायदे लागले, त्यांच्यामागे विचार हाच आहे. वापर कशासाठी, किती जागेत, किती दिवस आणि कुणाच्या नावावर, एवढे कागदावर लिहिले की रस्ता सर्वांचा राहूनही एकाची गरज भागते. हे लिहिणे आपल्याकडे सुटले आहे आणि रस्ते त्यामुळेच हातचे जात आहेत, असे माझे मत आहे.

आधी रस्ता कोणाचा, ते पाहू. परभणी नगरपालिकेची महानगरपालिका झाली ती १ नोव्हेंबर २०११ रोजी. तेव्हापासून शहराला १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम २०२ ने सार्वजनिक रस्ते पालिकेच्या ताब्यात येतात. कलम २३४ प्रमाणे आयुक्त पोलिसांच्या सहमतीने सणासमारंभासाठी मांडवाची लेखी परवानगी देऊ शकतात. कलम २३१ प्रमाणे विनापरवाना मांडलेली वस्तू नोटीस न देता उचलता येते. कलम ३८६ सांगते की परवान्यावर मुदत, अटी आणि फी लिहिलेली असावी, आणि अट मोडली तर तो रद्द करता यावा. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड आणि पूर्णा इथल्या नगरपरिषदा व पालमची नगरपंचायत १९६५ च्या कायद्याखाली चालतात, गावे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली. पाथरी-मानवत-परभणी-वसमत असा जाणारा ६१ क्रमांकाचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, तिथे २००२ चा महामार्ग जमीन व वाहतूक नियंत्रण कायदा येतो. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रस्त्यांना १९५५ चा महामार्ग कायदा, जिल्हा परिषदेचे रस्ते आणखी वेगळे.

सामान्य माणसाला ही उतरंड माहीत नसते आणि माहीत असण्याची अपेक्षाही चूक आहे. महामार्गाच्या कडेला रसवंती टाकणारा माणूस गावच्या पालिकेची पावती फाडतो आणि आपण नियमात आहोत असे धरून चालतो. रस्ता दुसऱ्याच खात्याचा असल्याने ती पावती तिथे काहीच कामाची नसते. हे त्याला कळते ते पत्र्याचे शेड पाडले जाते त्या दिवशी.

सगळ्यांत जास्त पोटे ज्या प्रश्नाशी बांधलेली आहेत तो हातगाडीवाल्यांचा आणि फेरीवाल्यांचा. त्याची कोर्टातली वाटचाल महाराष्ट्रातूनच सुरू झाली. मुंबईच्या फेरीवाला संघटनेचे प्रकरण आणि पदपथावर राहणाऱ्यांचे ऑल्गा टेलिस प्रकरण, दोन्ही १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाली. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे त्या वर्षी स्पष्ट झाले. १९८९ मध्ये दिल्लीच्या सोदान सिंग प्रकरणात न्यायालयाने पदपथावर धंदा करण्याचा हक्क मान्य केला, मात्र त्याला वाजवी बंधने घालता येतील असेही सांगितले. एखाद्या ठरावीक जागेवर कायमचा हक्क सांगता येणार नाही, हेही त्यातच आले. पुढे २०१३ मध्ये महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनच्या प्रकरणात न्यायालयाने धोरण अमलात आणायला बजावले, आणि १ मे २०१४ पासून पथविक्रेता कायदा लागू झाला. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१६ मध्ये केले.

कायदा चांगला आहे. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचे, प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती नेमायची, तिच्यात चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा द्यायच्या. परभणी शहराची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ३,०७,१७०. त्याचे अडीच टक्के म्हणजे साडेसात हजारांहून अधिक. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणाला हटवायचे नाही. हलवायचे असेल तर तीस दिवसांची नोटीस द्यायची. माल जप्त केला तर त्याची यादी द्यायची, आणि हक्क सांगितल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा दोन दिवसांत परत करायचा. मेथीच्या जुड्या जप्त झाल्या की संध्याकाळपर्यंत त्यांचा चोथा होतो, हे ओळखणारे कुणीतरी हे कलम लिहायला बसले होते.

आता प्रत्यक्ष पाहा. मराठवाड्यातल्या बाजारात गाडेवाल्याच्या हातात काय असते? तहबाजारीची, म्हणजे रोजच्या बसण्याच्या शुल्काची पावती. तळहातात मावेल एवढा कागद, वर पालिकेचे किंवा ठेकेदाराचे नाव, रक्कम, तारीख, खाली न वाचता येणारी सही. विक्रेत्याचे नाव बहुधा नसते. जागेचा पत्ता नसतो. चार फूट बाय सहा फूट असे माप नसते. उद्याचा दिवस त्यात नसतो. अशा पावत्यांचे गठ्ठे रबर लावून गल्ल्याच्या पेटीत जपून ठेवलेले मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत. आपण इतकी वर्षे इथे बसतो आणि पैसे भरतो, याचा तेवढाच पुरावा त्या माणसाजवळ असतो, म्हणून तो जपतो. पण त्या गठ्ठ्याने त्याला काहीही मिळत नाही. पैसे घेणारा रोज येतो आणि हटवणारा वर्षातून दोनदा, आणि दोघे एकाच कार्यालयाचे असू शकतात. पैसे घेऊन हक्क न देणे ही रस्त्याच्या कारभारातली सगळ्यांत मोठी गैरशिस्त आहे. तिच्यामुळे विक्रेता लुबाडला जातो आणि पादचाऱ्याचाही तोटा होतो. माप न लिहिलेला गाडा कितीही पुढे सरकू शकतो, मग त्याला कोणत्या आधारावर मागे घ्या म्हणायचे?

करोनाच्या वर्षात यात एक विचित्र भर पडली. जून २०२० मध्ये केंद्राने पीएम स्वनिधी योजना आणली. सुरुवातीला पहिले कर्ज दहा हजार रुपयांचे होते, फेडले की पुढे वीस, मग पन्नास. सर्वेक्षणात ज्यांची नावे नव्हती त्यांना पालिकेने शिफारसपत्र द्यायचे होते. म्हणजे बँकेच्या लेखी तो माणूस रस्त्यावरचा नोंदलेला व्यावसायिक झाला, पण ज्या रस्त्यावर त्याचा गाडा उभा आहे तिथली त्याची जागा कागदावर आलीच नाही. कर्ज देणाऱ्या सरकारने धंद्याच्या जागेचा प्रश्न मोकळा ठेवला.

दुसऱ्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात रेल्वे स्थानकापासून दीडशे मीटर आणि शाळा, रुग्णालये, प्रार्थनास्थळे यांच्यापासून शंभर मीटरच्या आत फेरीवाले नकोत, अशी मर्यादा उचलून धरली. मुंबईच्या गर्दीसाठी ती समजू शकते. परभणीसारख्या शहराच्या जुन्या भागात मशीद, मंदिर, शाळा, दवाखाना आणि बाजार एकमेकांना खेटून वाढले आहेत. नकाशावर शंभर-शंभर मीटरची वर्तुळे काढली तर बाजाराला जागा उरेल का, याचा हिशेब शहरागणिक करावा लागेल, आणि तो करायची जागा नगर पथविक्रेता समिती हीच आहे. ती समिती उभी करणे किती अवघड होऊन बसते ते मुंबईत दिसले. २०१४ च्या सर्वेक्षणात ९९,४३५ अर्ज आले, आणि विक्रेत्यांचे प्रतिनिधी निवडायला मतदान झाले ते ऑगस्ट २०२४ मध्ये, तेही सुमारे बत्तीस हजारांच्या मतदारयादीवर. दहा वर्षे गेली.

हाच रस्ता केबल कंपनीला कसा मिळतो ते याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्राने तार मार्गाधिकार नियम काढले. कंपनीने अर्ज करायचा, प्रशासकीय खर्चापोटी किलोमीटरला जास्तीत जास्त एक हजार रुपये भरायचे, रस्ता पूर्ववत करण्याची बँक हमी द्यायची किंवा त्याचा खर्च सोसायचा. पालिकेने साठ दिवसांत निर्णय घेतला नाही तर परवानगी मिळाली असे धरले जायचे. २०२२ च्या दुरुस्तीने विजेच्या दिव्याच्या खांबासारख्या रस्त्यावरच्या साधनांवर छोटी दूरसंचार यंत्रे बसवायला शहरात वर्षाला तीनशे आणि ग्रामीण भागात दीडशे रुपये दर ठरवला. त्याच वर्षी अशा अर्जांसाठी गतिशक्ती संचार पोर्टल आले. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा झाला आणि त्याखालचे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले.

इंटरनेट गावोगावी पोचायला हवे, त्यामुळे मुदत बांधली ते बरोबरच झाले. मला खटकते ते दुसरेच. कंपनीच्या अर्जावर मुदत संपेपर्यंत गप्प बसले तर होकार, आणि भाजीवाल्या बाईच्या अर्जावर दहा वर्षे गप्प बसले तर नकार. अधिकाऱ्याच्या मौनाचा अर्थ अर्जदार पाहून बदलतो. पथविक्रेत्याच्या अर्जालाही अशीच मुदत आणि मुदतीनंतर तात्पुरते प्रमाणपत्र, एवढी तरतूद राज्याने नियमांत केली तर समित्या आपोआप हलतील.

चर खणण्याची खरी गोष्ट मात्र परवानगीनंतर सुरू होते. परभणी जिल्ह्याची जमीन बहुतेक काळी, भारी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा मातीत दीड-पावणेदोन मीटर खोल चर खणला, नळी टाकली आणि उकरलेलीच माती वरून ढकलून दिली तर पहिल्या मोठ्या पावसात तो चर खचणारच. रस्त्याच्या कडेने लांबच लांब खोलगट पट्टा पडतो, त्यात पाणी साचते, मग डांबराची कडा तुटायला लागते, आणि वर्षाच्या आत अर्धा रस्ता उखडतो. योग्य पद्धत सगळ्या अभियंत्यांना माहीत आहे. काळी माती उचलून न्यायची, मुरूम आणावा, तो सहा-सहा इंचांच्या थरांनी भरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमस करावी, आणि मग वर खडी-डांबर. याला मजूर लागतात, टँकर लागतो, दिवस लागतात. चर भरताना तिथे कुणी कनिष्ठ अभियंता उभा असेल तरच हे होते. परवानगीच्या कागदावर रस्त्याची लांबी असते. भरणीचा थर कसा असावा आणि चर किती वर्षे टिकला पाहिजे, हे त्यात ठळकपणे असायला हवे.

इंग्लंडमध्ये १९९१ चा रस्ते व रस्तेकाम कायदा आहे. तिथे खणणाऱ्या कंपनीला भरलेल्या चराची दोन वर्षे हमी द्यावी लागते, दीड मीटरपेक्षा खोल चराची तीन वर्षे. त्या मुदतीत खचला तर कंपनीने स्वखर्चाने पुन्हा भरायचा. आपल्या काळ्या जमिनीत खरे तर किमान दोन पावसाळ्यांची हमी हवी. एक पावसाळा चराची परीक्षा घेतो, दुसरा दुरुस्तीची. आपली बँक हमी त्याआधीच परत गेली तर पालिकेच्या हातात काही राहत नाही. खड्ड्यांचा भार शेवटी पालिकेवरच येतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली चांगले रस्ते मिळणे हा नागरिकांचा मूलभूत हक्क ठरवला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्याने जीव गेल्यास वारसांना सहा लाख रुपये द्यायचे आदेश दिले. हा खर्च कुणाच्या चरामुळे आला हे सांगता येण्यासाठी तरी परवान्यांची नोंद हवी.

मांडवांचा प्रश्न त्या मानाने बराच मार्गी लागला आहे, आणि त्याचे श्रेय ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या २०१० च्या जनहित याचिकेला आहे. न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने आधी २०१५ मध्ये अंतरिम आणि मग ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. वाहतूक अडेल अशा मांडवाला पालिका परवानगी देऊच शकत नाही, आणि सण आहे म्हणून रस्त्यावर मांडव घालण्याचा हक्क कुणालाही मिळत नाही, हे त्यात स्वच्छ आहे. परवानगीचा कागद आणि मापे मांडवाच्या दर्शनी भागात लावायची पद्धत त्यातूनच रूढ झाली. गणेशोत्सवात आता एक खिडकीवर अर्ज घेतले जातात. राहतो तो गल्लीतला लग्नाचा मांडव. तो दोन दिवसांचा असतो, शेजारी समजून घेतात, आणि मंगल कार्यालय न परवडणाऱ्या घरांचा तो आधार आहे. त्याला कमी फीची, एका दिवसात मिळणारी परवानगी हवी. अट एवढीच, रुग्णवाहिका जाईल इतकी वाट मोकळी राहावी आणि डांबरात खांबासाठी भोके पाडू नयेत. वाळूने भरलेल्या डब्यात खांब उभा करता येतो, मंडपवाल्यांना ते ठाऊक आहे.

फलकांबद्दल थोडक्यात. १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा आहे, सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर ३१ जानेवारी २०१७ चा कडक निकाल आहे, तरी चौक फ्लेक्सने भरतात. १३ मे २०२४ ला घाटकोपरला एकशेवीस फूट बाय एकशेवीस फुटांचा फलक कोसळून सतरा जण गेले. पालिकेची मर्यादा चाळीस बाय चाळीस फुटांची होती आणि फलक लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातल्या जागेवर होता. जागा एकाची, नियम दुसऱ्याचा, आणि जबाबदारी कुणाचीच नाही, याचे याहून भयंकर उदाहरण नाही.

ओटे आणि ढापे यांच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही, कारण ते आपणच करतो. घरापुढच्या नालीवर फरशी टाकली, मग तिच्यावर गाडी लावायला उतार केला, मग पायऱ्या, मग पत्रा. एकेका घराने दोन-दोन फूट घेतले की वीस फुटांची गल्ली चौदा फुटांवर येते. नाली झाकली गेल्याने सफाई कामगाराला गाळ काढता येत नाही आणि जुलैत तेच पाणी घरात शिरते. उचलता येईल अशी जाळी किंवा तुकड्यांतली फरशी आणि ठरलेले माप, अशा अटींवर नालीवरून येण्याजाण्याची वाट देता येईल. आज इथे परवानाही नाही आणि नकारही नाही.

गावात चित्र वेगळे. बोरी, झरी, चारठाणा अशा मोठ्या गावांत आठवडी बाजाराच्या वसुलीचा लिलाव होतो आणि ग्रामपंचायतीला थोडेफार उत्पन्न मिळते. ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५३ रस्त्यावरचे अतिक्रमण काढायचा अधिकार देते, पण त्यातला दंड पन्नास रुपये आणि पुढे रोजचे पाच रुपये, म्हणजे आता नावापुरता. त्यापेक्षा कलम १४ चा धाक मोठा आहे. सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असलेल्याचे सदस्यत्व जाते, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाने केलेले अतिक्रमणही यात धरले. निवडणूक आली की गावातली अतिक्रमणे एकदम कोर्टकचेरीत दिसायला लागतात ती यामुळे.

शेतकऱ्याची गरज असते ती विहिरीचे किंवा कालव्याचे पाणी रस्त्यापलीकडच्या वावरात नेण्याची. त्यासाठी रस्ता ओलांडून पाइप टाकायला रस्ता ज्या खात्याचा त्याची परवानगी आणि अनामत लागते. बहुतेक जण रात्रीतून ट्रॅक्टर-जेसीबीने रस्ता कापतात, सकाळी त्यावर माती लोटतात. एका कापाने दुचाकीस्वार पडतो. पण अर्ज घेऊन तालुक्याला तीन-चार चकरा मारायच्या आणि तोवर हरभरा वाळायचा, हा हिशेब शेतकऱ्याने तरी का करावा? रस्ता बांधतानाच ठरावीक अंतरावर सिमेंटचा एकेक आडवा पाइप टाकून ठेवला तर प्रश्न मुळातून संपतो. काही ठिकाणी तसे होते, सगळीकडे व्हायला हवे. पाणंद आणि शिवरस्त्यांवरचे अडथळे काढायला तहसीलदारांकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याची कलमे आहेत. मे २०२५ मध्ये शासनाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यावी असा निर्णय केला. नोंद झाली की भांडण अर्धे मिटते, हे शेतरस्त्यांच्या बाबतीत शासनाला पटले आहे. शहरी रस्त्यांना तेच लावायचे आहे.

आणखी एक मोठी अडचण. परभणी महापालिकेच्या २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. अशा काळात कोणता रस्ता विक्रीचा, कोणता चालण्याचा, हे नगरसेवक, विक्रेते आणि रहिवासी यांनी समोरासमोर बसून ठरवायचे असते ते राहून जाते. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पदपथ हा पादचाऱ्यांचा घटनादत्त हक्क मानला आणि राज्यांना त्यासाठी नियमावली करायला सांगितले. त्या खंडपीठावरही न्यायमूर्ती ओकच होते. पदपथ मोकळे करा म्हणून या आदेशाचा दाखला देऊन गाडे उचलले जातील, ही भीती खरी आहे. आदेश पाळायचा तर आधी किती फूट चालण्याला आणि किती फूट धंद्याला, हे प्रत्येक रस्त्यावर रंगाने आखावे लागेल.

यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपण दिलेले परवाने व सवलती कुणाला दिल्या, त्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करायचा आहे. २००५ पासून. परभणी शहरातल्या प्रत्येक प्रभागात आणि जिल्ह्याच्या प्रत्येक नगरपरिषदेत अशी यादी भिंतीवर लावता येईल: कोणत्या रस्त्यावर कोणत्या क्रमांकाचा गाडा, किती फूट जागेत, कोणाचा चर, कोणत्या तारखेला भरला, हमी कधीपर्यंत, कोणता फलक, कोणाच्या नावावर. यादीत गाडा आहे आणि जागेवरही आहे, तर त्याला हात लावायचा नाही. यादीत चर आहे आणि जागेवर खड्डा आहे, तर हमीची रक्कम रोखायची. ही यादी मागायला दहा रुपयांचा अर्ज पुरतो, आणि येत्या पावसाळ्याआधी तो प्रत्येक प्रभागातून एकाने तरी करावा.